विश्वाचे ज्ञान, विज्ञानाची मर्यादा आणि आपला धम्म

(वर्षावास व्याख्यानमालेत खारेपाटण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आजच्या विषयाला सुरुवात करतो.

वर्षावासाच्या व्याख्यानमालेत पंचशील, अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. तो सोडून आम्ही आकाशातल्या ताऱ्यांवर आणि विश्वाच्या उत्पत्तीवर का बोलणार, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. शिवाय आम्ही कलाशाखेचे पदवीधर. बँकेत कारकुनी करून पोट भरणारी माणसे. खगोलशास्त्राचे गणित आम्हाला सोडवता येत नाही. तरीही हा विषय निवडला, त्याला कारण आहे.

गेली काही वर्षे आमच्या कानावर एक वाक्य सारखे पडते. अंगावर देवस्की आहे असे सांगून कोंबडा मागणारा भगत ते बोलतो. दूरदर्शन संचावर सकाळी राशिभविष्य सांगणारा ज्योतिषी ते बोलतो. आणि चांगला शिकलेला, नोकरीला असलेला आपला माणूसही ते बोलतो. ते वाक्य असे : "विज्ञानाला तरी सगळे कुठे कळले आहे?" हे ऐकले की आपली मुले गप्प बसतात. कारण वाक्य खरेच आहे. विज्ञानाला सगळे कळलेले नाही. मग पुढचा माणूस लगेच म्हणतो, "म्हणून आम्ही म्हणतो ते माना."

आज आपल्याला एवढेच तपासायचे आहे. विज्ञानाला विश्वाविषयी काय कळत नाही? ते का कळत नाही? आणि ते कळत नाही म्हणून भगताचे, ज्योतिषाचे किंवा पुराणाचे खरे ठरते काय?

सुरुवात आपल्या घराजवळून करू. आपल्या खारेपाटणच्या खाडीचे पाणी जिथे समुद्राला मिळते तिथे विजयदुर्ग किल्ला उभा आहे. शाळेच्या सहलीला आपण सगळे तिथे गेलो आहोत. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून ओटे दाखवतात आणि सांगतात, की नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ सालच्या ग्रहणात याच कट्ट्यांवरून हेलियम वायूचा शोध लावला. हे ऐकून आपली छाती फुगते. परंतु ऐकले म्हणून मानू नका, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, हे केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले. तो उपदेश दुसऱ्यांच्या समजुतींना लावायचा आणि आपल्या गावच्या अभिमानाला लावायचा नाही, हे बरोबर नव्हे. म्हणून नोंदी काय सांगतात ते पाहू.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, हे खरे. फ्रान्सचे जान्सन हे शास्त्रज्ञ त्यासाठी आंध्रात गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहताना तेजस्वी रेषा दिसल्या. ग्रहण सुटल्यावरही या रेषा पाहता येतात, हे जान्सन यांनी दुसऱ्याच दिवशी दाखवले. लॉकियर मात्र त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते. तिथूनच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. त्यांतली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांजवळ होती, परंतु त्यांच्याशी जुळत नव्हती. पृथ्वीवर माहीत असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना. तेव्हा हे सूर्यावरचे नवे मूलद्रव्य असावे असा तर्क करून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. लॉकियर विजयदुर्गावर आले, तेही खरे आहे. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी.

म्हणजे आपला विजयदुर्ग खगोलशास्त्राच्या इतिहासात आहेच. फक्त साल वेगळे आहे आणि शोधही वेगळा आहे. खरे सांगितल्याने किल्ल्याचा एक चिराही ढासळत नाही.

आता या गोष्टीतून विज्ञानाच्या मर्यादेची पहिली जात समजून घेऊ. फ्रान्समध्ये ऑग्युस्त कॉम्त नावाचे मोठे तत्त्वज्ञ होऊन गेले. १८३५ साली त्यांनी लिहिले, की ताऱ्यांचे आकार, अंतरे, गती आपल्याला मोजता येतील, परंतु ते कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीही कळणार नाही. त्यांचे म्हणणे वरवर पाहता चुकीचे नव्हते. ताऱ्यावर जाऊन मूठभर माती आणणार कोण? परंतु पंचवीस वर्षांच्या आत किरचॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशात आपली सही ठेवते. प्रकाश तपासला की द्रव्य ओळखता येते. पुढे आठ वर्षांत हेलियमची रेषा सापडली. तरीही कित्येक शास्त्रज्ञांना शंका होती, कारण पृथ्वीवर हा वायू कुणी पाहिला नव्हता. १८९५ साली विल्यम रॅमसे यांना तो एका खनिजात सापडला. सत्तावीस वर्षे ते मूलद्रव्य 'असावे' या सदरात राहिले आणि मग 'आहे' या सदरात आले. या मधल्या काळात त्याच्या नावाने कुणी नवस बोलला नाही. शंका घेणाऱ्यांनाही कुणी वाळीत टाकले नाही.

तेव्हा पहिली मर्यादा साधनांची. आज कळत नाही, उद्या साधन मिळाले की कळेल.

याच ग्रहणाची दुसरी बाजूही आपण विसरता कामा नये. जान्सन, लॉकियर वर्णपटदर्शक लावून सूर्य पाहत होते, त्या काळात आपले पणजोबा-खापरपणजोबा काय करत होते? "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी आरोळी देत दारोदार फिरत होते. राहू-केतू अस्पृश्यांच्या कुळातले, त्यांनी सूर्य गिळला, तेव्हा अस्पृश्यांना दान दिले म्हणजे तो सुटेल, अशी समजूत महाराष्ट्रभर होती. चंद्राची सावली पृथ्वीवर पडते, हे आर्यभटाने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले होते. म्हणजे ज्ञान देशात होते. परंतु ते आपल्या दारापर्यंत येऊ दिले नाही. सावलीच्या त्या दोन-चार मिनिटांसाठी आपल्या माणसांच्या हातात भीक दिली आणि कपाळावर राहूचे गोत्र चिकटवले. म्हणून आम्ही म्हणतो, बंधुभगिनींनो, की विश्वाविषयीचे ज्ञान हा रिकाम्या वेळेतला छंद नाही. आकाशात काय घडते हे ज्याला माहीत नसते, त्याला ते कुणीतरी सांगतो, आणि सांगणारा आपली किंमत वसूल करतो.

आता मर्यादेची दुसरी जात. विजयदुर्गाच्या बुरुजावरून समुद्र क्षितिजापर्यंतच दिसतो. त्यापुढे समुद्र संपत नाही, आपली दृष्टी संपते. विश्वाचेही तसेच आहे. आकाशातली कोणतीही वस्तू आपल्याला दिसते ती तिचा प्रकाश येथे पोहोचतो तेव्हा. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. विश्वाचे वय आजच्या मोजमापाप्रमाणे सुमारे १३८० कोटी वर्षे. एवढ्या काळात ज्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला तेवढ्याच वस्तू आपण पाहू शकतो. प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत राहिल्यामुळे त्या क्षितिजाचे आजचे अंतर सर्व दिशांना सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे होते. त्यापलीकडे काय आहे? विश्व तिथे संपते की अनंत आहे? दुर्बीण कितीही मोठी केली तरी हे दिसणार नाही, कारण तिथला प्रकाशच आलेला नाही.

हे नीट कळावे म्हणून आपल्याच गावचा एक दाखला देतो. खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट सापडला. जवळच्या पोंभुर्ल्याचे सुपुत्र, मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ आज जगाला माहीत आहे, ती मुख्यतः या पत्र्यांमुळे. परंतु त्या वर्षी या खाडीवर ओझी वाहणारे, शेतात राबणारे लोक कोण होते, काय खात होते, हे सांगण्यासाठी तो पत्रा घडवलेलाच नाही. ते लोक नव्हते काय? होते. त्यांची नोंद आपल्यापर्यंत आली नाही. प्रामाणिक इतिहासकार तिथे "पुरावा नाही" असे लिहितो आणि थांबतो. रिकाम्या जागी मनाच्या कथा भरत नाही.

ताऱ्यांचा प्रकाश हा विश्वाचा ताम्रपट आहे. २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांमधील शास्त्रज्ञांनी दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधला आणि त्याला 'सरस्वती' नाव दिले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. आज दुर्बिणीत दिसतो तो त्याचा प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वी बाल्यावस्थेत होती. तिथे या क्षणी काय चालले आहे, हे आपल्याला कळू शकत नाही. आणखी मागे गेलो तर एक भिंतच लागते. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे होईपर्यंत इतके तापलेले आणि दाट होते, की प्रकाशाला मोकळी वाट नव्हती. त्यापूर्वीचे काही प्रकाशाच्या साहाय्याने पाहता येत नाही. वाट मोकळी झाली तेव्हाचा प्रकाश आज अगदी मंद सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो. पेन्झियास आणि विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली तो सापडल्याचे जाहीर केले.

तेव्हा दुसरी मर्यादा क्षितिजाची. ती साधने वाढवून पूर्णपणे ओलांडता येत नाही. विज्ञानाने ती स्वतःच शोधली आहे आणि आकड्यानिशी सांगितली आहे.

तिसरी मर्यादा आम्हा बँकेतल्या माणसांना पटकन समजते. दिवसअखेर एखाद्या रकमेचा ताळमेळ लागत नाही. रक्कम आहे, पण कोणाची, कशाची, हे कळत नाही. तेव्हा आम्ही काय करतो? ती उचंत खात्यात टाकतो. उचंत खाते म्हणजे, "रक्कम एवढी आहे, मालकाचा तपास चालू आहे," अशी कबुली. ती कुणाच्या नावावर परस्पर जमा करायची नसते. केली तर नोकरी जाते.

विश्वाच्या हिशेबातही मोठी उचंत खाती आहेत. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने एका दीर्घिकासमूहाच्या गती मोजल्या. दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने एवढ्या वेगवान दीर्घिका एकत्र बांधून राहणे शक्य नव्हते. पुढे १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन या शास्त्रज्ञ महिलेने दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा फार वेगाने फिरतात, हे दाखवले. न दिसणारे काहीतरी ओढत आहे. त्याला कृष्णद्रव्य नाव दिले. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांना आढळले, की विश्वाचे प्रसरण मंदावण्याऐवजी वाढत्या वेगाने होत आहे. त्यामागच्या कारणाला कृष्णऊर्जा म्हटले. आजचा हिशेब असा : आपल्याला ओळखीचे द्रव्य, ज्याचे तुम्ही-आम्ही, सह्याद्री, समुद्र आणि सगळे तारे बनले आहेत, ते सुमारे ५ टक्के. कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के. कृष्णऊर्जा सुमारे ६८ टक्के. म्हणजे विश्वाचा ९५ टक्के हिस्सा उचंत खात्यात आहे!

एवढेच नव्हे. विश्वाच्या प्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी मोजला तर एकीने ६७ च्या आसपास आणि दुसरीने ७३ च्या आसपास आकडा येतो. दोन शाखांच्या वह्या जुळत नाहीत, तसा हा प्रकार आहे. कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी, असे संकेत २०२४ आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निरीक्षणांतून मिळाले आहेत. त्यांवर शिक्कामोर्तब झालेले नाही.

हे सारे ऐकून कुणी म्हणेल, "पाहा, शास्त्रज्ञांना पाचच टक्के कळले!" त्याला आपण विचारले पाहिजे, "हे पाच टक्के आणि पंच्याण्णव टक्के तुला सांगितले कोणी?" ते शास्त्रज्ञांनीच मोजून सांगितले. आपल्या अज्ञानाचे माप काढून जाहीर करणारी पोथी आम्ही अजून पाहिलेली नाही. पोथीत उचंत खाते नसते. तिथे सगळी रक्कम आधीच एकाच्या नावावर जमा असते.

या प्रामाणिकपणाचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. केंब्रिजला फ्रेड हॉएल यांच्याबरोबर संशोधन करून ते १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेचे संस्थापक-संचालक झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विश्वाला आरंभ होता, महास्फोटातून ते सुरू झाले, हे बहुतेक शास्त्रज्ञांनी मान्य केलेले मत. हॉएल आणि नारळीकर यांना ते मान्य नव्हते. विश्वाला आरंभ नाही, ही स्थिर विश्वाची कल्पना त्यांनी मांडली आणि वाढवली. १९६५ साली सूक्ष्मलहरी सापडल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञ विरुद्ध बाजूला गेले. हॉएल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ साली आपल्या सिद्धांताची सुधारलेली मांडणी पुढे ठेवली. तीही बहुसंख्यांना पटली नाही. नारळीकर अखेरपर्यंत अल्पमतात राहिले.

यात आपल्याला शिकण्यासारखे काय आहे? अल्पमतात असूनही त्यांना देशातली मोठी संशोधन संस्था उभारता आली, आणि त्या संस्थेत महास्फोट मानणारे शास्त्रज्ञही मोकळेपणाने काम करत राहिले. संचालकाचे मत मानले नाही म्हणून कुणाची जात गेली नाही. वाद झाला तो निरीक्षणांवर आणि गणितावर. विश्वाला आरंभ आहे की नाही, या प्रश्नावर आजचा पुरावा फार तप्त आणि दाट अशा प्रारंभीच्या अवस्थेच्या बाजूचा आहे. परंतु त्या अवस्थेच्याही आधी काय, याला आज कोणाकडेही सिद्ध झालेले उत्तर नाही.

हेच नारळीकर "आम्हाला माहीत नाही" असे म्हणणारे होते, म्हणून ते ज्योतिषाला सवलत देत होते काय? मुळीच नाही. २००८ साली त्यांनी पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते यांच्या साहाय्याने फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखा, असे सांगितले. एक्कावन्न ज्योतिषी पुढे आले, त्यांपैकी सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. रुपयाचे नाणे उडवले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती!

विद्यार्थी मित्रांनो, हा फरक लक्षात ठेवा. विश्वाच्या आरंभाआधी काय होते, हे विज्ञानाला माहीत नाही. परंतु कुंडलीवरून मुलाची बुद्धी कळत नाही, हे तपासून माहीत झाले आहे. पहिल्या अज्ञानाचा आधार दुसऱ्या थापेला देता येत नाही. हे तपासण्याची किंमतही मोठी असते. या चाचणीत सहभागी असलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला.

आता आपण धम्माकडे येऊ. श्रावस्तीला असताना मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूने तथागतांना विचारले, जग शाश्वत आहे की अशाश्वत? अंत असलेले आहे की अनंत? शरीर आणि जीव एक की वेगळे? मरणानंतर तथागत असतात की नसतात? याची उत्तरे मिळाली नाहीत तर मी संघ सोडून जातो, असेही त्याने बजावले. त्या काळी दुसरा कोणी गुरू असता तर शिष्य टिकवण्यासाठी काहीतरी उत्तर देऊन मोकळा झाला असता. तथागतांनी तसे केले नाही. त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. तो माणूस म्हणतो, बाण मारणारा कोण, त्याचे नाव काय, तो उंच की बुटका, त्याचे धनुष्य कसले, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही. उत्तरे मिळण्याआधीच तो मरेल. त्याच्या प्रश्नांत एक प्रश्न असाही आहे, की बाण मारणारा क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य की शूद्र? मरणाच्या दारातही माणूस आधी जात विचारतो!

कोसंबीजवळ सिंसपावनात तथागतांनी मूठभर पाने हातात घेऊन विचारले, ही पाने जास्त की वनातली जास्त? भिक्खू म्हणाले, वनातली. तेव्हा तथागतांनी सांगितले, की जे सांगितले ते या मुठीएवढे, न सांगितलेले वनाएवढे. आणि जे सांगितले ते दुःखाच्या निवारणाला उपयोगी आहे म्हणून सांगितले.

याचा अर्थ ताऱ्यांचा अभ्यास करू नका असा होतो काय? आमच्या मते होत नाही. विश्व अनंत आहे की सांत, हे शोधणे हे खगोलशास्त्रज्ञाचे कामच आहे आणि आपल्या मुलांनी ते काम जरूर करावे. परंतु त्या उत्तरावर माणसाचे माणसाशी वागणे अडून राहता कामा नये. विश्व १३८० कोटी वर्षांचे असो की अनादी असो, पाणवठ्यावर भेद करणे वाईटच आहे. कृष्णद्रव्य सापडो न सापडो, दारू घर बुडवतेच. ही विज्ञानाची चौथी मर्यादा. किती, कसे, केव्हा, हे ते सांगते. कसे जगावे, हे दुर्बिणीतून दिसत नाही. तिथे शील, प्रज्ञा आणि करुणा लागतात. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात काल्पनिक अनुमानांवर आधारलेल्या विश्वासाला अधम्म म्हटले, आणि तथागत मोक्षदाता नसून मार्गदाता आहेत हे ठसवले, त्यामागे हीच दृष्टी आहे.

जाता जाता आपल्याच घरातल्या एका सवयीबद्दल बोलणे आवश्यक आहे. आपल्यापैकी काही वक्ते उत्साहाच्या भरात सांगतात, की महास्फोट, अणू, प्रसरण पावणारे विश्व हे सगळे भगवान बुद्धांनी आधीच सांगितले होते. त्यासाठी दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्ताचा दाखला देतात. त्यात जगाच्या संकोचाचे आणि विस्ताराचे वर्णन आहे, हे खरे. परंतु ते सुत्त सांगितले कोणाला? वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण कुळातून आलेल्या दोघांना. कशासाठी? जन्माने कोणी श्रेष्ठ ठरत नाही, वर्ण हे माणसांच्या कामातून आणि व्यवहारातून झाले, हे पटवण्यासाठी. त्या सुत्ताचे हे मोल आपण बाजूला ठेवायचे आणि त्यातून खगोलशास्त्र काढायचे, हे सोने देऊन पितळ घेण्यासारखे आहे.

१९५१ साली रोमच्या पोपनी महास्फोटाच्या सिद्धांतात ईश्वरी निर्मितीचा पुरावा असल्याचे जाहीर केले. या सिद्धांताचे एक जनक लमेत्र हे स्वतः कॅथॉलिक पाद्री होते. त्यांना हे आवडले नाही. विज्ञानाचा सिद्धांत नव्या पुराव्याने बदलू शकतो, त्याला धर्माचे खुंट बांधू नये, असे त्यांचे मत होते. एका पाद्र्याला जे कळले ते आपल्याला का कळू नये? आज आपण धम्म महास्फोटाला बांधला आणि पन्नास वर्षांनी तो सिद्धांत बदलला, तर धम्मही बदलायचा काय? तथागतांनी या प्रश्नांवर मौन पाळले, हेच त्यांचे मोठेपण. त्या मौनात आपण आपले शब्द घालू नयेत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानात ते खग्रास दिसेल, आपल्याकडे दुपार उलटल्यावर खंडग्रास. ते कोठे, किती वाजता, किती लागेल, हे आजच सांगता येते. त्या दिवशी खारेपाटणवर ढग असतील की आकाश मोकळे असेल, हे मात्र आज कोणीही सांगू शकत नाही. ऑगस्ट महिना आहे, बाजारपेठेत पुराचे पाणी असले तरी नवल नाही! विज्ञानाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही त्या एका दिवसात दिसतील.

त्या दिवशी आपल्या वस्तीत वेध पाळले जाऊ नयेत, अशी आमची विनंती आहे. गरोदर लेकीला, सुनेला कोणी अंधाऱ्या खोलीत बसवू नये, उपाशी ठेवू नये. तिने विळीवर भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटत नाही. उघड्या डोळ्यांनी मात्र कोणीही सूर्याकडे पाहू नये. ग्रहणाचे प्रमाणित चष्मे मिळतात, ते संस्थेने आधीच मागवून ठेवावेत आणि विद्यार्थ्यांनी लहान-थोरांना ग्रहण दाखवावे. ज्यांच्या पूर्वजांना ग्रहणात भीक मागायला लावली, त्यांच्या मुलांनी गावाला ग्रहण समजावून सांगावे, यासारखे दुसरे उत्तर नाही.

आणि तेव्हा कुणी म्हणाला, "विज्ञानाला तरी सगळे कुठे कळले आहे?" तर गप्प बसू नका. शांतपणे म्हणा, "नाही कळले. जे कळले नाही ते आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. तुमचे तुम्ही कसे तपासले, तेवढे सांगा."



जयभीम! नमो बुद्धाय!